लॅटिसवर प्रबळ बल: प्लॅकेट ०.८२ का येतो आणि विभवाची सरळ रेष का दिसत नाही

प्रश्न थोडक्यात असा: सी प्लस प्लसमध्ये शुद्ध ग्लूऑनचा (प्रबळ बल वाहणाऱ्या कणांचा), म्हणजे क्वार्क नसलेला, एसयू(३) कोड लिहिला आहे. जाळी (लॅटिस) ८^४, बीटा (युग्मनाचं माप, व्याख्या खाली) ६.०, पद्धत हीटबाथ (एकेक लिंक तिच्या शेजाऱ्यांनुसार यादृच्छिकपणे नव्याने निवडणं). प्लॅकेट (जाळीतल्या सर्वांत लहान चौकोनाचं सरासरी मूल्य) ०.५९४ यायला हवा तिथे ०.८२ येतो. बीटा निम्मा दिला की आकडा जुळतो. पण मग विल्सन लूपमधून (जाळीवरच्या मोठ्या बंद वाटेवरच्या लिंकच्या गुणाकाराच्या ट्रेसमधून) क्वार्क-प्रतिक्वार्क विभव काढला, तर तो अंतराबरोबर सरळ रेषेत वाढत नाही. चूक कुठे?

इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांचा एकमेकींशी संबंध नाही. पहिली कोडमधली आहे, आणि जवळजवळ नक्कीच एका ओळीतली. दुसरी कोडमधली नाहीच: ८^४ जाळीवर बीटा ६.० ला ती सरळ रेष मावतच नाही. बीटा निम्मा करून पुढे जाऊ नका. लॅटिसचा चुकीचा कोड बंद पडत नाही, एरर देत नाही. तो मुकाट्याने चालतो आणि दिसायला गुळगुळीत, विश्वासार्ह वाटणारे आकडे देतो. म्हणून इथे प्रत्येक गुणकाचा हिशेब लागलाच पाहिजे.

आधी मांडणी पक्की करू. केनेथ विल्सनने १९७४ मध्ये दाखवलेली रचना आजही तशीच वापरतात: अवकाश-काळाची चौमितीय जाळी, क्वार्क बिंदूंवर, ग्लूऑनचं क्षेत्र दोन शेजारी बिंदू जोडणाऱ्या लिंकवर. प्रत्येक लिंक म्हणजे ३×३ चा संमिश्र युनिटरी मॅट्रिक्स, डिटरमिनंट १. चार लिंकचा बंद चौकोन म्हणजे प्लॅकेट. त्याच्या ट्रेसचा वास्तव भाग भागिले ३, हे १ मधून वजा करायचं, सगळ्या चौकोनांवर बेरीज घ्यायची आणि बीटाने गुणायचं, की झाली विल्सनची क्रिया. बीटा म्हणजे ६ भागिले युग्मनांकाचा वर्ग. प्रत्येक बिंदूमागे ४ लिंक आणि ६ प्लॅकेट.

मेमरी किती लागते ते आधीच काढून ठेवावं. दुहेरी अचूकतेत एक लिंक १४४ बाइट. १६^४ जाळीला ६५,५३६ बिंदू आणि २,६२,१४४ लिंक, म्हणजे सुमारे ३८ एमबी. ३२^४ ला ६०४ एमबी. ६४^३×१२८ ला १९ जीबीच्या पुढे. म्हणजे शुद्ध ग्लूऑनचं बरंच खरं काम साध्या लॅपटॉपवर होतं. वेळेचंही तसंच. दोन ३×३ संमिश्र मॅट्रिक्सच्या गुणाकाराला १९८ क्रिया लागतात, एका लिंकभोवती ६ स्टेपल (तिच्या प्लॅकेटमधल्या उरलेल्या तीन लिंकचा गुणाकार), प्रत्येकी २ गुणाकार. इतर कामं धरून लिंकमागे चारेक हजार क्रिया, म्हणजे १६^४ वर एका स्वीपला (सगळ्या लिंक एकदा बदलायला) सुमारे एक अब्ज. एका कोअरवर हे सेकंदाच्या आसपास बसतं.

आता ती ओळ. कॅबिबो आणि मारिनारी यांच्या पद्धतीत एसयू(३) ची लिंक थेट बदलत नाहीत, तिच्यातल्या तीन एसयू(२) उपगटांमधून एकामागून एक बदलतात. लिंक गुणिले स्टेपलांची बेरीज हा मॅट्रिक्स म समजा. त्यातला २×२ चा तुकडा घ्यायचा आणि चार वास्तव संख्या काढायच्या:

क० = (म११ + म२२) चा वास्तव भाग ÷ २
क१ = (म१२ + म२१) चा कल्पित भाग ÷ २
क२ = (म१२ − म२१) चा वास्तव भाग ÷ २
क३ = (म११ − म२२) चा कल्पित भाग ÷ २

या चौघांच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ म्हणजे लांबी ल. नव्या एसयू(२) मॅट्रिक्सचा पहिला घटक अ०, वर्गमूळ(१ − अ०²) गुणिले घातांकी(२ × बीटा × ल × अ० ÷ ३) या वजनाने निवडायचा. वरचं ‘÷ २’ विसरलं की दिशा बरोबरच राहते, कारण आपण लांबीने भागतो. पण ल दुप्पट होतो आणि कोड निमूटपणे बीटा १२ चं भौतिकशास्त्र करत बसतो. बीटा मोठा असताना प्लॅकेट साधारण १ − २/बीटा असतो. १२ टाकून बघा, ०.८३ येतं, आणि पुढची सुधारणा धरली की ०.८२. तुमचा आकडा नेमका हाच आहे. कोडमध्ये दुसरीकडे कुठे तरी २ चा गुणक उलटा बसला असता, तर बीटा ३ चा, म्हणजे ०.२ च्या आसपासचा प्लॅकेट दिसला असता. ‘बीटा निम्मा केला की जुळतं’ यातून चुकीची जातच कळते.

अ० निवडायला केनेडी-पेंडलटन पद्धत वापरा, कारण बीटा ६ च्या आसपास जुनी सरळ पद्धत फार वेळा नकार देते. य = २ × बीटा × ल ÷ ३ धरा. तीन यादृच्छिक संख्या घ्या, त्यांतून ड = −(लॉग र१ + कॉस²(२ × पाय × र२) × लॉग र३) ÷ (२य) काढा. चौथ्या संख्येचा वर्ग १ − ड पेक्षा मोठा नसेल तर अ० = १ − २ड, नाहीतर पुन्हा. इथे दोन खड्डे आहेत. बहुतेक जनरेटर ० देऊ शकतात पण १ देत नाहीत, म्हणून र१ आणि र३ च्या जागी १ − र घ्या. नाहीतर कोट्यवधी स्वीपांत कधीतरी शून्याचा लॉग निघतो आणि ड अनंत होतो. दुसरा जास्त फसवा आहे: पहिल्या उपगटाने लिंक बदलली की म सुद्धा त्याच मॅट्रिक्सने गुणायचा, मगच दुसऱ्या उपगटाकडे जायचं. जुनाच म वापरला तर प्लॅकेट चुकतो, पण इतका नाही की पाहताक्षणी संशय यावा.

अनेक थ्रेड वापरत असाल तर आणखी एक ठिकाण तपासा. एका दिशेची लिंक बदलताना तिचे स्टेपल त्याच दिशेच्या शेजारच्या लिंकना आणि त्याच बिंदूच्या इतर दिशांच्या लिंकना स्पर्श करतात. म्हणून दिशा एकच ठेवा आणि बुद्धिबळाच्या पटासारखे फक्त सम बिंदू एका वेळी बदला, मग विषम. चार दिशा गुणिले दोन रंग, असे आठ टप्पे मिळून एक स्वीप. ‘एका रंगाच्या बिंदूंवरच्या चारही दिशा एकदम’ ही घाई चालत नाही. स्टेपल अर्धे जुने, अर्धे नवे होतात आणि संतुलन मोडतं. जाळीची प्रत्येक बाजू सम हवी, नाहीतर कडेला दोन सारख्या रंगांचे बिंदू शेजारी येतात. आणि प्रत्येक थ्रेडला वेगळं बीज द्या. सगळ्यांना एकच बीज दिलं तर जाळीचे तुकडे एकमेकांची नक्कल करू लागतात.

आता चाचण्या. या झाल्याशिवाय कुठलाही भौतिक आकडा काढूच नये असं माझं ठाम मत आहे. सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत निर्दय चाचणी गेज-अविकारितेची. प्रत्येक बिंदूवर एक यादृच्छिक एसयू(३) मॅट्रिक्स घ्या, प्रत्येक लिंकला डावीकडून आपल्या बिंदूच्या मॅट्रिक्सने आणि उजवीकडून पुढच्या बिंदूच्या मॅट्रिक्सच्या हर्मिशियन संयुग्माने गुणा. लिंक ओळखू येणार नाहीत इतक्या बदलतात, पण प्लॅकेट आणि प्रत्येक विल्सन लूप बारा-तेरा अंकांपर्यंत तोच राहायला हवा. सहाव्या अंकात फरक पडला तर ‘राउंड-ऑफ असेल’ म्हणून सोडू नका; कुठेतरी निर्देशांक किंवा संयुग्म चुकलंय.

मग दोन टोकं तपासा. बीटा लहान असताना प्लॅकेट बीटा/१८ + बीटा²/२१६ असतो. बीटा १ ला ०.०६०. मोठ्या बीटाला १ − २/बीटा. मधले आकडे: बीटा ५.७ ला ०.५४९, ६.० ला ०.५९४, ६.२ ला ०.६१४. प्रत्येक वेळी एक धाव थंड सुरुवातीपासून (सगळ्या लिंक एकक) आणि एक गरम सुरुवातीपासून (सगळ्या यादृच्छिक) करा. दोन्ही आलेख काहीशे स्वीपांत एकमेकांत मिसळले पाहिजेत. नाही मिसळले तर पुढे जाऊ नका.

लिंक दर काही स्वीपांनी पुन्हा युनिटरी करा: पहिली ओळ एकक लांबीची, दुसरी तिला लंब, तिसरी त्या दोघींच्या क्रॉस गुणाकाराचं संयुग्म. एवढं पुरतं. हीटबाथबरोबर ओव्हररिलॅक्सेशन मिसळा, एका हीटबाथमागे चार. ते क्रिया न बदलता लिंक दूर फेकतं, त्याला यादृच्छिक संख्या लागत नाहीत, आणि क्रमवार कॉन्फिगरेशनमधलं (सगळ्या लिंकच्या लागोपाठच्या मांडण्यांमधलं) साधर्म्य लवकर तुटतं.

आता दुसरा प्रश्न, सरळ रेषेचा. कोडमध्ये अंतर फर्मीत (१ फर्मी = १०^−१५ मीटर) नसतं, लिंकच्या संख्येत असतं. एक लिंक म्हणजे किती फर्मी हे बीटावरून ठरतं. त्यासाठी झोमरचा मापक वापरतात: विभवाचा उतार गुणिले अंतराचा वर्ग हे जिथे १.६५ होतं ते अंतर ०.५ फर्मी धरायचं. त्या मापाने बीटा ५.७ ला लिंकची लांबी ०.१७ फर्मी, ६.० ला ०.०९३, ६.२ ला ०.०६८.

आता तुमची पेटी बघा. ८ × ०.०९३ म्हणजे बाजू जेमतेम ०.७५ फर्मी. आवर्ती कडांमुळे निम्म्या बाजूपलीकडचं अंतर खोटं असतं, कारण तिथून उलट्या बाजूने येणारी वाट तेवढीच जवळ असते. म्हणजे उरलं ०.०९ ते ०.३७ फर्मी. या पट्ट्यात विभवावर १/अंतर या कुलोंबी पदाचीच सत्ता असते. रेषीय भाग नीट दिसायला ०.४ ते ०.८ फर्मी लागतं. त्यातच ८ लिंकचा काळ म्हणजे तापमान १९७.३ (फर्मीवरून एमईव्हीत जाण्याचा गुणक) ÷ ०.७४४, सुमारे २६५ एमईव्ही. शुद्ध ग्लूऑनचं बंधनमुक्तीचं तापमान (ज्यावर क्वार्कना बांधणारं बंधन सुटतं) याच्या अगदी जवळ आहे: काळाच्या ८ लिंकना ते संक्रमण बीटा ६.०६ ला येतं, ६ लिंकना ५.८९ ला, ४ लिंकना ५.६९ ला. ज्या ठिकाणी बंधन सुटायच्या बेतात आहे, तिथे तुम्ही बंधन शोधताय. कोड दुरुस्त झाला तरी ८^४ वर हे बदलणार नाही.

उपाय दोन. लगेच काहीतरी पाहायचं असेल तर त्याच ८^४ वर बीटा ५.७ घ्या. पेटी १.३६ फर्मीची होते, तापमान १४५ एमईव्हीवर येतं, आणि लूपमधून तंतूचा ताण (विभवाच्या सरळ रेषेचा उतार) लिंकच्या एककात ०.१६ च्या आसपास मिळायला हवा. जाळी जाडीभरडी आहे, तिरक्या अंतरांवर वर्तुळाकार सममिती मोडलेली दिसेल, पण रेष दिसेल. नीट करायचं असेल तर बीटा ६.० आणि किमान १६^४. तिथे तोच ताण ०.०४८ च्या आसपास येतो. त्याचं वर्गमूळ ०.२२, भौतिक एककात सुमारे ४६५ एमईव्ही. बल म्हणून सांगायचं तर दर फर्मीला जवळपास एक गिगाइलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणजे साधारण १६ टनांच्या वजनाएवढी ओढ, आणि ती अंतर वाढलं तरी कमी होत नाही. आपल्या लॅपटॉपवरच्या यादृच्छिक संख्यांतून हा आकडा वर येतो, ही या विषयातली मला सगळ्यांत सुंदर वाटणारी गोष्ट.

मोजणीत खरा त्रास गोंगाटाचा आहे. विल्सन लूपचं मूल्य क्षेत्रफळाबरोबर घातांकी घसरतं, पण त्यातला गोंगाट जवळपास तेवढाच राहतो. बीटा ६.० ला ६×६ लूप फारच लहान उरतो. म्हणून कच्च्या लिंकचे लूप मोठे करत बसण्यात अर्थ नाही. अवकाशातल्या लिंक आधी ‘स्मीअर’ करा. प्रत्येक अवकाशी लिंकमध्ये तिच्या चार अवकाशी स्टेपलांची सरासरी मिसळायची, पुन्हा एसयू(३) मध्ये आणायची, आणि हे दहा-वीस वेळा करायचं. काळाच्या लिंकना हात लावायचा नाही. इथे एक बारीक सापळा आहे. पुन्हा एसयू(३) मध्ये आणताना वरची ‘पहिली ओळ, मग दुसरी ओळ’ रीत वापरू नका. राउंड-ऑफ दुरुस्त करायला ती ठीक आहे, पण मोठ्या फरकाला ती डावीकडच्या गेज-रूपांतराशी जुळत नाही. त्याऐवजी मिसळलेल्या मॅट्रिक्सशी ट्रेसचा वास्तव भाग जास्तीत जास्त होईल असा एसयू(३) मॅट्रिक्स शोधा. त्यालाही तेच तीन उपगट वापरता येतात. स्मीअर केलेल्या लूपवर गेज-चाचणी पुन्हा चालवा, चूक असेल तर तिथे लगेच उघडी पडते.

मग एका अंतराला लूपची काळानुसार लागोपाठची गुणोत्तरं घेऊन त्यांचा लॉग काढा. हा परिणामी विभव वरून खाली येऊन सपाट व्हायला हवा. दोन्ही टोकांना सारखंच स्मीअरिंग असेल तर तो खालून वर चढूच शकत नाही. त्रुटीच्या बाहेर चढत असेल तर लूपच्या कोडात चूक आहे. सपाट भागातले आकडे घेऊन स्थिरांक, वजा गुणांक/अंतर, अधिक ताण × अंतर, असा वक्र बसवा. मोठ्या अंतराला मधल्या पदाचा गुणांक ल्यूशरच्या हिशेबाने पाय/१२, म्हणजे ०.२६ असतो, तुमचा त्याच्या जवळपास यायला हवा.

त्रुटीबद्दल थोडक्यात पण कळकळीने: लागोपाठची कॉन्फिगरेशन स्वतंत्र नसतात. साधं मानक विचलन भागिले वर्गमूळ एवढंच केलं तर त्रुटी दोन-तीन पट कमी दिसते आणि दोन धावांमध्ये नसलेला विरोध सापडतो. मोजमापं गटांत बांधा, गटाचा आकार दुप्पट करत जा, त्रुटी वाढायची थांबली की तो आकार पुरेसा. विभवासारख्या व्युत्पन्न राशींना त्याच गटांवर जॅकनाइफ (एकेक गट वगळून पुन्हा हिशेब करणं) लावा. प्लॅकेट लवकर स्थिरावतो म्हणून सगळंच स्थिरावलं असं समजू नका. टोपोलॉजिकल भार (ग्लूऑन-क्षेत्राच्या पिळाची पूर्णांकी मोजणी) फार सावकाश बदलतो, आणि लिंक ०.०५ फर्मीच्या खाली गेली की तो जवळजवळ गोठतो.

हे सगळं जुळल्यावरच क्वार्ककडे वळा. तिथे हिशेब एकदम बदलतो. डिरॅक मॅट्रिक्सची (क्वार्कची गती सांगणाऱ्या मॅट्रिक्सची) बाजू १२ गुणिले बिंदूंची संख्या. १६^४ ला ७,८६,४३२. त्याचा डिटरमिनंट काढणं अशक्य, म्हणून तो स्यूडोफर्मिऑन क्षेत्रांत (साध्या संख्यांच्या मदतनीस क्षेत्रांत) लिहितात आणि १९८७ पासून वापरात असलेली हायब्रिड मॉन्टे कार्लो चालवतात: प्रत्येक लिंकला एक काल्पनिक संवेग, थोडा वेळ गतिकीची समीकरणं, शेवटी ऊर्जेतल्या फरकावर स्वीकार किंवा नकार. प्रत्येक पावलाला त्या प्रचंड मॅट्रिक्सचं रेषीय समीकरण सोडवावं लागतं, आणि क्वार्क हलका होत गेला की ते अधिकाधिक महाग होतं. वस्तुमानाचं मोजमाप तर वेगळीच परीक्षा. प्रोटॉनच्या संकेताचं गोंगाटाशी असलेलं प्रमाण प्रोटॉनचं वस्तुमान वजा दीड पायॉन या दराने घसरतं, म्हणजे दर ०.२७ फर्मीला सुमारे २.७ पट. पायॉन पेटीत मावायचा तर बाजू सहा फर्मीच्या जवळ, म्हणजे ०.०९ फर्मीच्या लिंकला ६४ बिंदू. हे लॅपटॉपचं काम नाही. मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत लॅटिसवर वर्षानुवर्षं काम होतंय, तेही समांतर संगणकांवरच.

पण हायब्रिड मॉन्टे कार्लोची पहिली पायरी क्वार्कशिवाय, तुमच्याच ग्लूऑन-कोडवर घालता येते, आणि तशीच घालावी. लिंकवरचं बल (क्रियेचं लिंकनुसार अवकलन) संख्यात्मक अवकलनाशी ताडून पहा. संवेगाच्या जनित्रांच्या ट्रेसमध्ये एक ½ असतो आणि तो हरवणं ही तुमच्या आताच्या चुकीची सख्खी बहीण. मार्गाची लांबी तीच ठेवून पाऊल निम्मं केलं की लीपफ्रॉगमधला (गतिकी पावलापावलाने सोडवण्याच्या रीतीमधला) ऊर्जेचा फरक चौपट कमी झाला पाहिजे. मार्ग संपल्यावर संवेग उलटे करून परत आलात की सुरुवातीच्याच लिंक मिळाल्या पाहिजेत. घातांकी(−ऊर्जेतला फरक) याची सरासरी त्रुटीच्या आत १ यायला हवी. आणि ८^४ वर बीटा ६.० ला याही पद्धतीने प्लॅकेट तुमच्या दुरुस्त हीटबाथच्या आकड्याशी चौथ्या दशांश स्थानापर्यंत जुळायला हवा. बीटा निम्मा करून चालवलेला हीटबाथ इथे उपयोगी पडणार नाही, कारण कोडमधल्या ६.० चा अर्थ दोन्हीकडे एकच असावा लागतो.